कुत्रा चावला, आता कायदा काय म्हणतो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पाळीव प्राण्यांवरून होणाऱ्या भांडणांबद्दल चार ओळी लिहिल्या काय, महिनाभर नुसती चावऱ्या कुत्र्यांचीच पत्रं येतायत. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आणि वाईट वाटलं, की ज्याला चावलंय तोच संकोचून लिहितोय, "ताई, भरपाई मागितली तर बरं दिसेल का?" अहो, तुमची पोटरी फाटलीय, पगार बुडालाय, रात्री झोप लागत नाहीये, आणि बरं दिसण्याची काळजी तुम्हीच करायची? म्हणून यावेळी सगळा कॉलम याच विषयाला. सगळी नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न: ताई, मी तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. त्यातल्या एका घरच्या कुत्र्याने माझ्या पोटरीचा लचका तोडला. मॅडमनी पहिल्या दिवशी रिक्षाचे पैसे दिले, नंतर फोनच उचलत नाहीत. आता म्हणतात तूच त्याच्या भांड्याला हात लावलास. सतरा दिवस मी घरी होते, बाकीच्या दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. आता मॅडम एका कागदावर सही मागतायत, "माझी काही तक्रार नाही" म्हणून. करू का?

करू नका. सगळ्यात आधी हेच, सही करू नका. काही पैसे देत असतील तर "औषधाच्या खर्चापोटी एवढे मिळाले" इतकंच लिहून द्या, "सगळा हिशोब मिटला" असं एक अक्षर त्यात नको.

इंजेक्शनं पूर्ण झाली का ते लिहिलं नाहीये तुम्ही. दंडात घेत असाल तर पाच डोस असतात, पहिल्या दिवशी (तो शून्य दिवस धरायचा) मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या, आणि कातडीत टोचत असतील तर चार, आणि मांस निघालेली जखम असेल तर जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून एकही डोस चुकवू नका. आणि डोस अर्धवट सोडलात तर उद्या कोर्टात समोरचा वकील तेच धरून बसेल की बघा, हिला स्वतःलाच काळजी नव्हती.

आता तुमचे सतरा दिवस. हे फार महत्त्वाचे आहेत आणि तुम्ही ते असंच ओघात लिहून गेलात! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, तिच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीची व्याख्या आहे, त्यात म्हटलंय की जिच्यामुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना होतात किंवा रोजची कामं करता येत नाहीत ती गंभीर दुखापत. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. तुमचे सतरा झालेत, म्हणजे तुमची केस साध्या दुखापतीतून बाहेर पडते, आणि कुणाच्या बेपर्वाईने गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे सतरा दिवस तोंडी सांगून चालणार नाही, डॉक्टरांच्या कागदावर तारखेपासून तारखेपर्यंत "काम करण्यास असमर्थ" असं यायला हवं. आजच जाऊन विचारा.

भांड्याला हात लावला हा मुद्दा मला फार कमकुवत वाटतो. तुम्ही रोज ठरलेल्या वेळी त्या घरात येता हे मॅडमना माहीत आहे, तुमचं कामच स्वयंपाकघरात आहे, मग त्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत ठेवणं किंवा बांधून ठेवणं ही जबाबदारी कोणाची? तुमची थोडी चूक आहे असं कोर्टाला वाटलंच तरी भरपाईची रक्कम थोडी कमी होईल, हक्क बुडत नाही.

मागायचं काय, तर औषधं आणि ड्रेसिंग, येण्याजाण्याचा खर्च, सतरा दिवसांचा पगार, बाकी दोन घरची कामं गेली त्याचं नुकसान, आणि वेदनेबद्दल वेगळी रक्कम. पगार रोख मिळतो म्हणून पुरावा नाही असं समजू नका, त्या दोन घरच्या लोकांनी साध्या कागदावर लिहून दिलं किंवा तुमच्या फोनवर पैसे आल्याचे मेसेज असतील तरी चालतं.

वकिलाचे पैसे कुठून आणू हा पुढचा प्रश्न असणार. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आहे, त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. १५१०० वर फोन करा किंवा थेट जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. हा उपकार नाहीये, तुमचा हक्क आहे तो.

प्रश्न: शेजारच्या पाळीव कुत्र्याने वडिलांना चावलं. पोलिस स्टेशनला गेलो तर म्हणाले एवढ्याशा गोष्टीसाठी एफआयआर नसतो, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतो. बरोबर आहे का हे?

नाही. पाळलेल्या प्राण्यापासून दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे पण दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करता येतो, आणि दखलपात्र गुन्ह्याची एनसी करून माणसाला परत पाठवायचं नसतं. लेखी अर्ज द्या, त्यात कलम २९१ असं स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा (शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना), आणि त्यानंतरही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

या केसेस कोर्टात टिकत नाहीत असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका वयस्कर माणसाला चावा घेतला होता, त्यात २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा चावला, त्यात २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. तारखांकडे बघा, एकात तेरा वर्षं आणि एकात सात. मी खोटी आशा दाखवणार नाही, वेळ लागतो. म्हणूनच सुरुवातीचे कागद इतके पक्के हवेत की दहा वर्षांनी कोणाला काही आठवलं नाही तरी कागद बोलला पाहिजे.

आणि अजून एक, फौजदारी केस म्हणजे शिक्षा. शिक्षा देताना कोर्ट आरोपीला भरपाई द्यायलाही सांगू शकतं, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. पैशासाठी दिवाणी दावा वेगळा असतो, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, तरी मी म्हणेन वर्षाच्या आत हालचाल करा.

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर शेजारच्या काकांचा कुत्रा चावला. सात टाके पडले. काका वाईट नाहीत, स्वतः दवाखान्यात घेऊन गेले, आता दहा हजार देऊन विषय संपवू म्हणतायत. सासूबाई म्हणतात घ्या आणि मिटवा, रोज तोंड बघायचंय. मला झोप लागत नाही. ती आरशात बघत नाही आता.

तुमचं पत्र दोनदा वाचलं मी. शेवटच्या ओळीपाशी दोन्ही वेळा थांबले.

काका चांगले आहेत हे खरंय आणि त्यांनी दवाखान्यात नेलं याचं मोल आहेच, पण गालावरचा व्रण किती राहणार हे आत्ता टाके काढल्या काढल्या कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, व्रण पक्का व्हायला बरेच महिने जातात आणि मूल वाढतं तसा तो बदलतोही. मग आज दहा हजारांवर विषय संपवायचा कशाच्या आधारावर? पुढे प्लास्टिक सर्जरी लागली तर? चेहरा कायमचा विद्रूप होणं हे कायद्यानेही गंभीर दुखापतीतच धरलंय.

काकांशी न भांडता एक करता येईल. आत्तापर्यंतचा सगळा खर्च त्यांनी द्यावा, आणि पुढच्या उपचारांचा खर्च डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे जसा येईल तसा ते देतील असं स्टँप पेपरवर लिहून घ्यावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. चांगला माणूस असेल तर नाही म्हणणार नाही. नाही म्हणाले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि मनावरचं ओझं थोडं कमी व्हावं म्हणून सांगते, मुलीची मुदत आत्ता धावत नाहीये. अज्ञान मुलाच्या बाबतीत दाव्याची मुदत मूल सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते. आज दावा करायचा असेल तर तुम्ही तिच्या वतीने वादमित्र म्हणून करू शकता, आणि एकदा दावा दाखल झाला की कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोडही करता येत नाही, म्हणजे घरच्या कोणी दडपणाखाली येऊन मुलीचा हक्क सोडला तर कोर्ट मध्ये उभं असतं. तरी इतकी वर्षं थांबा असं मी म्हणत नाहीये, साक्षीदार घर सोडून जातात आणि कागद हरवतात.

दर महिन्याला एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, गालाचा फोटो काढा आणि शेजारी छोटी पट्टी धरा म्हणजे व्रणाची लांबी दिसेल. हे तिला खेळ म्हणून करू दे, जबरदस्ती नको. त्या दिवशीचा फ्रॉक रक्ताचा डाग असेल तसाच न धुता कागदी पिशवीत ठेवा. आणि आधी तो कुत्रा कोणावर धावून गेला होता का हे शेजारीपाजारी विचारून ठेवा, कारण मालकाला कुत्र्याचा स्वभाव माहीत होता हे दाखवता आलं तर अशा दाव्यात तुमची बाजू खूप भक्कम होते. तिनेच त्याची शेपटी ओढली असेल असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, सहा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या सावधपणाची अपेक्षा कायदा करत नाही. मुलीला समुपदेशकाकडे न्या, तो खर्चही भरपाईत मागता येतो.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. कॉलेजच्या गेटच्या आत भटक्या कुत्र्याने मांडीला चावलं, चार दातांचे खड्डे पडलेत. एका रीलमध्ये बघितलं की एका दाताचे १०,००० मिळतात. म्हणजे मला ४०,००० मिळतील का? कुणाकडे मागायचे?

अरे, रीलमध्ये अर्धंच सांगितलंय. तो निकाल खरा आहे, पण पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाचा आहे, नोव्हेंबर २०२३ चा, न्या. विनोद भारद्वाज यांनी १९३ याचिकांवर एकत्र दिलेला. त्यात म्हटलंय की कुत्रा चावल्याच्या केसमध्ये दाताच्या एका खुणेला किमान १०,००० रुपये आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००, आणि मुख्य जबाबदारी सरकारची. पण हे पंजाब, हरियाणा आणि चंदीगडला लागू आहे. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, इथल्या कोर्टापुढे दाखला म्हणून मात्र जरूर ठेवता येतो. केरळमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१६ साली न्या. सिरी जगन समिती नेमली होती भटक्या कुत्र्यांच्या बळींचे अर्ज बघायला, तोही दाखला देता येईल.

तुझ्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडासंकुल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवायला सांगितलंय, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथेच आणून सोडायची नाहीत. त्या आवारांना कुंपण हवं, देखरेखीला जबाबदार माणूस नेमलेला हवा, आणि स्थानिक संस्थेने दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. तुला चावलं ते गेटच्या आत, हे केसपेपरवर लिहिलंय का? नसेल तर डॉक्टरांना सांगून लिहून घे. नुसतं "डॉग बाइट" लिहिलेला केसपेपर मी इतक्या वेळा बघितलाय, त्यावरून कुत्रा कोणाचा, कुठे चावला, काहीच कळत नाही.

मग माहिती अधिकारात दोन अर्ज कर, एक महापालिकेला आणि कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर एक कॉलेजला. आधी किती तक्रारी आल्या होत्या, त्या भागात नसबंदी शेवटची कधी झाली, कॉलेजने कोणाला नेमलंय, एवढंच विचार. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "आमच्याकडे नोंद नाही" हे उत्तर आलं तर तोही तुझ्यासाठी पुरावाच. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, ती पार पाडली नाही हे त्यांच्याच कागदावरून दिसतं.

महापालिकेवर दावा लावायचा असेल तर मात्र घड्याळ लक्षात ठेव. आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, अशी तरतूद आपल्या महापालिका कायद्यांत आहे आणि इथे भले भले चुकतात. दुसरा रस्ता हायकोर्टात रिट याचिकेचा, त्यात विधी सेवा समितीची मदत मागता येते. चाळीस हजार नक्की मिळतील असं मी म्हणणार नाही. पण माग. कोणी मागतच नाही म्हणून देण्याची सवयही लागलेली नाही यांना.

प्रश्न: आमच्या सोसायटीत एक काकू रोज भटक्या कुत्र्यांना खायला घालतात. त्यांच्यावर केस करता येईल का? आणि आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून कुत्री गाडीत घालून लांब सोडली तर?

लांब सोडू नका. नियमाप्रमाणे नसबंदी झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची असतात, पिसाळलेली किंवा फार आक्रमक असतील तर गोष्ट वेगळी, आणि मी वर लिहिलेली शाळा-हॉस्पिटलसारखी ठिकाणंही वेगळी. विष घालण्याची भाषा तर चुकूनही नको, प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

खायला घातलं म्हणून काकू मालक होत नाहीत. पण मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा जिन्याच्या तोंडाशी खायला घालायचं नाही, त्यासाठी जागा ठरवून घ्यायची असं २०२३ च्या नियमांत आहे. ती जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीची, तेव्हा मीटिंग बोलवा आणि काकूंनाही बोलवा. त्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त त्याच ओळखतात, नसबंदीसाठी पकडायला त्यांच्याइतकी मदत दुसरं कोणी करणार नाही.

प्रश्न: मी उलट बाजूने लिहितोय. आमचा लॅब्रेडोर कुरिअरवाल्या मुलाला चावला. गेटवर "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी आहे. मी जबाबदार आहे का? बायको म्हणते कुत्रा कुठेतरी सोडून येऊ.

लिहिलंत हे खूप बरं केलंत, दादा. पाटीने जबाबदारी जात नाही. उलट ती पाटीच सांगते की कुत्रा चावू शकतो हे तुम्हाला ठाऊक होतं, मग गेटपाशी तो मोकळा कसा? त्या मुलाला आज फोन करा, कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो पाठवा कारण त्याच्या डॉक्टरांना तो लागेल, आणि कुत्र्याला दहा दिवस घरातच नजरेखाली ठेवा. तो सुस्त झाला, खायचं सोडलं, लाळ गाळायला लागला तर लगेच त्या मुलाला आणि पशुवैद्यांना कळवा. उपचाराचा खर्च आणि त्याचा बुडालेला रोज स्वतःहून द्या, त्या मुलाचं हातावर पोट असतं. कुत्र्याचा विमा काढला असेल तर पॉलिसी काढून बघा, काहींमध्ये तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं कव्हर असतं.

आणि कुत्रा सोडून येणं हा तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. वहिनींना सांगा, चूक त्याची एकट्याची नाही.

प्रश्न: कुत्रा चावला नाही, पण स्कूटरच्या मागे लागला, मी पडलो आणि मनगट मोडलं. हे यात धरतात का?

धरतात. चावलाच पाहिजे असं नाही, मागे लागल्यामुळे पडलात हे दाखवता आलं पाहिजे. हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. कुत्रा पाळीव असेल तर वरचं कलम २९१ तुम्हालाही लागू, भटका असेल तर महापालिकेचा रस्ता आणि तेच सहा महिने. केसपेपरवर नुसतं "गाडीवरून पडला" असं लिहिलं असेल तर आत्ताच "कुत्रा मागे लागल्याने" हे शब्द घालून घ्या. आणि गाडी तुमच्या नावावर असेल तर विम्याच्या कागदात मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर शोधा, १५ लाखांचं असतं. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, साध्या फ्रॅक्चरला नाही, पण हाताची हालचाल कायमची गेली असं डॉक्टर म्हणाले तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा.